छावणीतली ऊर्जा: पॅनलच्या आधी चूल

ऑगस्ट २०२४च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदी बडोद्यात शिरली आणि शहराच्या बऱ्याच भागांत लाईट बंद ठेवावी लागली. अशा वेळी छतावर तीन किलोवॉटचे पॅनल असलेल्या घरातही पंखा फिरत नाही, बाहेर कितीही कडक ऊन पडो. आपल्याकडचं छतावरचं सोलर बहुतेक ऑन-ग्रिड असतं. बाहेरच्या लाईनमधली वीज गेली की त्याचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो, आणि तो थांबायलाच हवा. नाहीतर खांबावर दुरुस्तीला चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून उलट आलेल्या विजेचा झटका बसेल. म्हणजे पॅनल आहे, ऊन आहे, पण वीज नाही.

निर्वासितांच्या छावण्यांपर्यंत स्वच्छ ऊर्जा कशी पोचवायची, हा प्रश्न इथूनच समजून घेतलेला बरा. या कामात पॅनल हा सगळ्यात सोपा भाग. गाडी अडते ती स्वयंपाकावर, दुरुस्तीवर, पैसा कुठल्या खात्यातून येणार यावर आणि कुंपणाबाहेरच्या गावाला काय मिळणार यावर.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या, म्हणजे यूएनएचसीआरच्या आकड्यांप्रमाणे २०२४च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसं सक्तीने घराबाहेर पडलेली होती. त्यातली बरीचशी शहरांत, भाड्याच्या खोल्यांत किंवा नातेवाइकांकडे राहतात. छावणीत राहणारे त्यामानाने थोडे, पण ऊर्जेची टंचाई तिथे सर्वांत तीव्र. लंडनच्या चॅटम हाउसने २०१५मध्ये केलेल्या अभ्यासात छावण्यांतल्या सुमारे ९० टक्के लोकांकडे वीज नाही आणि सुमारे ८० टक्के लोक स्वयंपाकाला लाकूड-कोळसाच वापरतात, असा अंदाज निघाला होता. २०१९च्या डिसेंबरमध्ये जिनिव्हाच्या जागतिक निर्वासित परिषदेत उद्दिष्ट ठरलं की २०३०पर्यंत प्रत्येक छावणीला आणि शेजारच्या यजमान गावांनाही परवडणारी, भरवशाची, स्वच्छ ऊर्जा मिळावी. त्या वाक्यातला 'शेजारच्या गावांनाही' हा तुकडा फार महत्त्वाचा. त्याकडे पुढे येऊच.

'तात्पुरती' या शब्दाची किंमत

छावणी ही आपल्याला परकी गोष्ट नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त. ते गेल्यावर तिथेच सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर झालं. उल्हासनगरही मुळात कल्याण कॅम्पच. केनियातली ददाब छावणी १९९१ची, काकुमा १९९२ची. दोन्ही अजून आहेत. तिथे जन्मलेल्या मुलांना आता मुलं झाली आहेत.

तरीही छावणीचा पैसा मंजूर होतो तो एका वर्षापुरता, कारण कागदोपत्री ती तात्पुरती. सोलरचा खर्च पहिल्या दिवशी करावा लागतो आणि तो वसूल होतो पाच-सात वर्षांत. डिझेलचा जनरेटर स्वस्तात येतो, डिझेल दर महिन्याला लागतं. बारा महिन्यांच्या बजेटात डिझेल बसतं, सोलर बसत नाही. वीस वर्षं चाललेल्या छावणीत वीस वेळा डिझेल मंजूर होतं, ते यामुळे. यात कुणाचा मूर्खपणा नाही, हिशेबाच्या वहीचा आकारच तसा आहे.

यावर सध्या चालणारा उपाय म्हणजे पॅनल विकत न घेता वीज विकत घेणं. खासगी कंपनी प्रकल्प उभारते, सांभाळते आणि युनिटमागे पैसे घेते. संस्थेच्या दृष्टीने ते मासिक बिल झालं, डिझेलसारखंच. पण कंपनी विचारते, 'उद्या छावणी हलली तर?' म्हणून करारात दोन गोष्टी लागतात: मुदतीआधी करार मोडल्यास किती भरपाई, ते वर्षागणिक उतरत्या क्रमाने लिहिलेलं, आणि त्या भरपाईची हमी देणारा तिसरा पक्ष. ही हमी नसेल तर येणारा दर डिझेलच्या जवळ जातो आणि सगळी मेहनत पाण्यात.

चुलीचा हिशेब

छावणीच्या ऊर्जेवरचे फोटो बघितले तर सोलर कंदिलाच्या उजेडात अभ्यास करणारी मुलगी दिसते. फोटो खोटा नाही, पण त्यातून प्रमाण चुकतं. पाच माणसांचं एक घर घेऊन आकडे मांडू.

तीन दगडांच्या चुलीवर माणशी रोज साधारण एक किलो लाकूड जातं. म्हणजे घराला पाच किलो, महिन्याला दीडशे. एक किलो सुक्या लाकडात १६ मेगाज्यूल ऊर्जा धरली तर रोजची ८० झाली. पण उघड्या चुलीत त्यातली दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते, बाकी वाऱ्यावर. म्हणजे खरी उपयोगी ऊर्जा साडेनऊ-दहा मेगाज्यूल, विजेच्या भाषेत पावणेतीन युनिट.

आता तेवढंच काम इंडक्शनवर केलं तर सव्वातीन युनिट लागतील. इलेक्ट्रिक प्रेशर कुकरवर त्याहून बरंच कमी, कारण भांडं बंद असतं आणि भोवती उष्णतारोधक आवरण असतं. बीन्स, डाळ, भात यांना एक-दीड युनिटात दिवस निघू शकतो. भाकरी-चपाती मात्र त्यात होत नाही.

दुसऱ्या पारड्यात उजेड. पाच वॉटचे दोन एलईडी पाच तास, दोन मोबाईल आणि वीस वॉटचा छोटा डीसी पंखा आठ तास. सगळं मिळून पाव युनिटच्या आत. स्वयंपाकाची गरज त्याच्या दहा-बारा पट. कंदील वाटून छावणीचा ऊर्जेचा प्रश्न सुटला म्हणणारा अहवाल वाचताना हे लक्षात ठेवावं.

मधला मार्ग म्हणजे गॅस. एलपीजीच्या एका किलोत ४६ मेगाज्यूल, शेगडीवर त्यातले निम्म्याहून थोडे जास्त भांड्यात जातात. वरच्या हिशेबाने घराला महिन्याला साडेअकरा-बारा किलो गॅस लागेल, म्हणजे एक सिलिंडर. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारमध्ये नेमकं हेच झालं. ऑगस्ट २०१७नंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या काही महिन्यांत आले आणि सरपणासाठी रोज सुमारे सातशे टन लाकूड तुटू लागलं. टेकड्या बोडक्या झाल्या, पावसात दरडी कोसळायची भीती वाढली. २०१८पासून सिलिंडर, शेगडी आणि रिफिल द्यायला सुरुवात झाली, छावणीतही आणि आसपासच्या काही गावकऱ्यांनाही. लाकडाची मागणी उतरली, लावलेली झाडं जगली.

गॅस काही सूर्यापासून येत नाही. तो फुफ्फुसासाठी स्वच्छ, हवामानासाठी नव्हे. पण जंगल तुटत असताना आणि बाया धुरात खोकत असताना आदर्श उपायाची वाट बघणं आम्हाला पटत नाही. खरी अडचण पुढची. रिफिल फुकट आहे तोवर चूल बंद, देणगी आटली की चूल पुन्हा पेटते. उज्ज्वला योजनेत आपण हेच पाहिलं: जोडणी मिळाली, दुसरा सिलिंडर भरायला पैसे नाहीत.

बांबू-ताडपत्रीच्या झोपडीत गॅस देताना घालून द्यायचे नियम साधे आहेत. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर, नळी दीड मीटरच्या आत आणि कुठे घासत नाही ना ते बघायचं. गळती साबणाच्या फेसाने तपासायची, काडी पेटवून नाही. हवा येण्यासाठी भिंतीत जमिनीलगत फट हवीच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठतो. वरच्या खिडकीने तो जात नाही. ताडपत्री उबेसाठी जमिनीत गाडून टाकलेली असते, तिथेच घोटाळा होतो.

सुधारित चुलीचं काय? प्रयोगशाळेत तिची कार्यक्षमता पंचवीस-तीस टक्के भरते, छावणीत निम्म्यावर येते. त्या चुलीला अंगठ्याएवढ्या जाडीची, सुकी, फोडलेली काटकी लागते. झोपडीत कुऱ्हाड नसते, लाकूड ओलं असतं. मग बाई जाड ओंडका तोंडात खुपसते आणि चूल दुप्पट धुमसते. दुसरं कारण भांड्याचं. पूर्व आफ्रिकेत उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, दोन्ही हातांनी जोर लावून घोटतात. हलकी चूल घोटताना कलंडते आणि तिसऱ्या दिवशी अडगळीत जाते. चूल निवडण्याआधी तिथली बाई काय रांधते, कुठल्या भांड्यात आणि बसून की उभ्याने, हे अर्धा दिवस बघितलं तर हजारो चुलींची खरेदी वाचते.

चाडमधल्या इरिदिमी छावणीत २००६पासून पुठ्ठा आणि अॅल्युमिनियम फॉइलचे सौर कुकर वाटले गेले. दुपारचं एक भांडं छान शिजतं. संध्याकाळचं जेवण आणि ढगाळ दिवस उरतोच, म्हणून सौर कुकर हा जोडउपाय. सगळ्यांत स्वस्त जोडउपाय तर आपल्याच घरातला आहे: कडधान्य रात्री भिजत घालणं, भांड्यावर झाकण आणि एक उकळी आल्यावर भांडं गोधडीत गुंडाळून ठेवणं.

जिथे सोलर लगेच फळतं

तुमच्या हातात मर्यादित पैसा आणि एकच सोलर प्रकल्प असेल तर आधी पाण्याचा पंप घ्या. कारण उघड आहे, टाकी हीच बॅटरी. ऊन असताना उपसायचं, टाकी भरायची, रात्री नळाने सोडायचं.

दहा हजार माणसं, माणशी रोज वीस लिटर, म्हणजे दिवसाला दोन लाख लिटर. बोअरमधली पातळी आणि टाकीची उंची मिळून साठ मीटर चढ धरू. तेवढं पाणी वर न्यायला सिद्धान्ताप्रमाणे ३३ युनिट, मोटर-पंपाची निम्मी कार्यक्षमता धरून ७० युनिट. दिवसाला पाच तासांचं पूर्ण ऊन धरलं तर १४ किलोवॉट. त्यावर उष्णता, धूळ आणि तारेतली घट यांच्यासाठी तीसेक टक्के, म्हणजे १८ किलोवॉट. ५४० वॉटचे तेहतीस-चौतीस पॅनल. हेच डिझेलवर केलं तर दिवसाला पंचवीस लिटर, वर्षाला नऊ हजार. पुरवठ्याचा ट्रक वेळेवर येईल या आशेवर.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे टाकी एका दिवसाची बांधणं. दोन दिवस ढग आले की बोंब. पॅनल दहा टक्के कमी चालेल, टाकी दोन दिवसांची हवी आणि जुना जनरेटर विकू नये. दुसरी चूक, बोअरची खरी क्षमता न मोजता मोठा पंप टाकणं. पाणीपातळी खाली जाते, पंप कोरडा चालतो आणि जळतो. कोरडं चालणं ओळखून बंद करणारा सेन्सर कंट्रोलरसोबत मागूनच घ्यावा.

लसींच्या फ्रिजलाही बॅटरी न लावलेली बरी. पॅनलवर थेट चालणारे फ्रिज मिळतात. दिवसा आत बर्फ जमतो, रात्री तोच थंडावा देतो. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि निदान तीन दिवस ऊन नसलं तरी ती टिकायला हवी. त्या पॅनलवर डॉक्टरांचा मोबाईल चार्जर लावायची मनाई असते, त्यात अर्थ आहे.

दोन छावण्या, दोन प्रकल्प

जॉर्डनच्या वाळवंटातली अझरक छावणी २०१४मध्ये उघडली. पहिली अडीचेक वर्षं घरांत वीज नव्हती, फक्त कंदील. मे २०१७मध्ये आयकिया फाउंडेशनच्या देणगीतून २ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. जॉर्डनमधल्याच झातारी छावणीत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मन सरकारच्या पैशातून १२.९ मेगावॉटचा झाला. बडोद्यापाशी कालव्यावर उभारलेला १० मेगावॉटचा प्रकल्प आठवत असेल, जानेवारी २०१५मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव बान की-मून यांच्या हस्ते ज्याचं उद्घाटन झालं. सुरुवातीचं अझरक त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं.

अझरकच्या प्रकल्पातून सुरुवातीला सुमारे वीस हजार माणसांना वीज मिळाली, म्हणजे माणशी १०० वॉट. पाच जणांच्या घराला दिवसाला सव्वादोन-अडीच युनिट, त्यातूनच रस्त्यावरचे दिवे आणि दवाखाना. वरचा चुलीचा हिशेब आठवा. एवढी वीज फक्त स्वयंपाकालाच संपली असती. म्हणून या छावण्यांत दिवे, पंखे, फ्रिज विजेवर आणि शेगडी गॅसवर.

दोन्ही प्रकल्प राष्ट्रीय ग्रिडला जोडलेले आहेत. दुपारची जास्तीची वीज ग्रिडला जाते, रात्री ग्रिडमधून घ्यायची. मोठ्या बॅटरीचा खर्च वाचला आणि छावणीच्या विजेचा उपयोग यजमान देशालाही झाला. उद्या छावणी उठली तरी प्रकल्प जॉर्डनकडे राहील.

झातारीची आधीची अवस्था मात्र आपल्याला चांगली ओळखीची वाटेल. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी वीज आली होती, लोकांनी खांबावर आकडे टाकले. निर्वासितांत इलेक्ट्रिशियन होतेच. झोपड्याझोपड्यांत उघड्या वायरी गेल्या, फ्रिज आले, दुकानं उभी राहिली आणि बिल यूएनएचसीआरच्या गळ्यात. आकड्याकडे चोरी म्हणून बघण्याआधी एक बघावं: लोकांना किती वीज हवी आहे आणि कशासाठी, याचं त्याहून चांगलं सर्वेक्षण मिळत नाही. बाजाराच्या रस्त्यावर लोड किती, घरांत किती, ते तिथे लिहिलेलंच असतं.

झोपडीच्या आतलं

जिथे ग्रिड नाही आणि पक्कं बांधकाम करू देत नाहीत, तिथे घरोघरी छोटा संच उरतो. बांगलादेशाच्या छावण्यांत हीच स्थिती आहे. ५४० वॉटचं पॅनल पंचवीस-तीस किलोचं असतं, बांबूच्या छपराला ते पेलत नाही. म्हणून ५० ते १०० वॉटचं, वेगळ्या खांबावर.

१२ व्होल्टच्या संचात सगळ्यात जास्त बिघाड वायरीने होतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने वीस मीटरवर पाच अँपिअर नेले तर जाऊन-येऊन ४० मीटरचा रोध सुमारे अर्धा ओहम. अडीच व्होल्ट वाटेतच गेले. बॅटरीकडे १२, पंख्याकडे साडेनऊ. पंखा गुरगुरतो पण फिरत नाही आणि लोक म्हणतात बॅटरी बाद. वायर सहा चौरस मिलिमीटरची घेतली किंवा बॅटरी पंख्याजवळ आणली की तोच पंखा चालतो. २३० व्होल्टच्या मिनी-ग्रिडलाही, म्हणजे एका वस्तीपुरत्या छोट्या वीजजाळ्यालाही, हेच लागू. १६ चौरस मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम केबलवर अर्ध्या किलोमीटरपर्यंत १० अँपिअर नेले तर १९ व्होल्ट उतरतात. लाईनच्या टोकाची घरं नेहमी तक्रार करतात, आणि टोकाला बहुधा यजमान गावच असतं.

बॅटरीत लेड-अॅसिड स्वस्त, पण निम्मीच वापरावी लागते आणि पंचवीस अंशांपुढे प्रत्येक दहा अंशांना तिचं आयुष्य जवळपास अर्धं होतं. पत्र्याच्या खोलीत ठेवली तर दीड-दोन वर्षांत संपते. लिथियम आयर्न फॉस्फेट महाग, पण ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते आणि चार्ज-डिस्चार्जच्या तीन हजारांवर फेऱ्या चालते. एक अट आहे: शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. वाळवंटातल्या हिवाळी पहाटे हे आठवावं लागतं.

कुंपणापलीकडचं गाव

काकुमाभोवती तुर्काना लोक राहतात. तेही गरीबच. त्यांच्या बाया निर्वासितांना सरपण आणि कोळसा विकतात. छावणीत गॅस आला की धूर जातो आणि या बायांचं रोजचं उत्पन्नही जातं. कुणी वाईट हेतूने केलेलं नसतं, पण गावाच्या बाजूने बघितलं तर छावणीने आधी रान संपवलं आणि मग गिऱ्हाईकही संपवलं. त्यातून सरपणाच्या वाटेवर मारहाण होते, रात्री वायर कापली जाते.

म्हणून आखणीच्या पहिल्या दिवशीच गावाचं लोड धरायचं. वीज शंभर घरांच्या छावणीला आणि पलीकडच्या तीस घरांना एकाच लाईनवरून, एकाच दराने. गॅसची वाटप-केंद्रं, प्रीपेड मीटरची रिचार्ज दुकानं सरपण विकणाऱ्या बायांना चालवायला द्यायची. छावणीत जनरेटर लावून मोबाईल चार्ज करून देणारा एकजण असतोच. त्यालाही एजंट करावं, नाहीतर मिनी-ग्रिडला पहिला विरोध त्याचाच होतो.

दर ठरवताना लोकांना 'किती देऊ शकाल?' असं विचारू नये. आता किती खर्च होतो ते विचारावं: मेणबत्ती, टॉर्चचे सेल, चार्जिंगचे पैसे, सरपणाची मोळी. उत्तर बहुधा अपेक्षेपेक्षा मोठं निघतं.

स्क्रू की गोंद

दुरुस्तीचं बोलायला निधी देणाऱ्यांना आवडत नाही, कारण तिथे उद्घाटन नसतं. प्रत्येक युनिटच्या दरातला ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकला नाही तर पहिली बॅटरी बदलायच्या वेळी प्रकल्प थांबतो. सोलर पथदिव्यांचं हेच होतं. दोन-तीन वर्षांत बॅटरी मरते किंवा चोरीला जाते, खांब उभा राहतो. आणि शौचालयाच्या वाटेवरचा दिवा गेला की बायका रात्री तिकडे जाणं सोडतात. दुरुस्तीला माणसं छावणीतच असतात, पण अनेक देशांत निर्वासितांना रोजगाराची परवानगी नाही, म्हणून शिकवलेल्या तंत्रज्ञाला पगार कागदावर 'मानधन' म्हणून द्यावा लागतो.

बंद पडलेले कंदील उघडून बघितले तर रोग दोन-तीनच: चार्जिंगचं पोर्ट सैल, वायर पिनपाशी तुटलेली, नाहीतर बॅटरी संपलेली. बडोद्यातल्या मरीमाताच्या खांच्यात, म्हणजे तिथल्या बाजारगल्लीत, मोबाईलवाला हे पोर्ट चहा येईपर्यंत बदलून देतो. छावणीत ते होत नाही, कारण कंदिलाचं खोकं गोंदाने चिकटवलेलं असतं, उघडताना फुटतं. पाण्यापासून बचावासाठी गोंद लावला, असं कंपन्या सांगतात. रबराची रिंग आणि चार स्क्रू लावूनही पाणी अडतं. टेंडरमध्ये एवढं लिहायचं: आवरण साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने उघडणारं, बॅटरी प्लगवाली, सोल्डर केलेली नव्हे, आणि दर शंभर कंदिलांमागे दहा पोर्ट व पाच बॅटऱ्या त्याच खोक्यात.